दात काढायच्या आधी विचारा, त्या जागेचं काय होणार?

खालच्या डाव्या बाजूची एक दाढ मी अकरा वर्षांपूर्वी काढून घेतली. दोन रात्री झोप नव्हती, गाल सुजलेला, आणि मीच डॉक्टरांना म्हणाले होते की रूट कॅनाल वगैरे नको, काढूनच टाका. काढली, दुखणं थांबलं, जखम भरली, मी विसरले. जीभ मात्र विसरली नाही, ती आजही रिकामी बसले की तिथे जाते. पहिल्या वर्षी तिला तिथे एक रुंद, गोल उंचवटा लागायचा, आता लागते एक बारीक धार, आणि गालाच्या बाजूला आत गेलेली खोबण. दोन वर्षांपूर्वी तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचं स्क्रूसारखं कृत्रिम मूळ, करावं म्हणून गेले तेव्हा ही धार म्हणजे काय ते कळलं. सीबीसीटी स्कॅनमध्ये जबड्याचा आडवा काप दिसतो, त्यात शेजारच्या दाढेपाशी हाड चांगलं भरलेलं होतं आणि माझ्या रिकाम्या जागी वरच्या कडेला जेमतेम ३ मिमी. डॉक्टर म्हणाल्या, "इम्प्लांटच ४ मिमीच्या पुढे असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एक-दीड मिमी हाड लागतं. आधी हाड वाढवावं लागेल, मग पुढचं." मी विचारलं की हे हाड गेलं कुठे, मला काही आजार आहे का? त्या म्हणाल्या आजार नाही, दात काढल्यावर असंच होतं, सगळ्यांचं होतं.

सगळ्यांचं होतं आणि मला दात काढताना कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, याचं मला खूप वाईट वाटलं, आजही वाटतं. ज्यांनी काढली त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये, दाढ त्यांनी नीटच काढली होती. पण दात काढायचा निर्णय आणि त्या जागेचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी, खुर्चीत बसायच्या आधी घ्यायचे असतात हे ज्याला त्याला कळलं पाहिजे. म्हणून ही पोस्ट.

आधी हे हाड का जातं ते सांगते, कारण ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. दात हाडात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मधे तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिमी, म्हणजे कागदाची दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढा. हे तंतू एका बाजूला मुळात आणि दुसऱ्या बाजूला हाडात रुतलेले असतात, दात त्यांच्यावर टांगलेला असतो म्हणा ना. आपण चावतो तेव्हा दात किंचित दबतो, तंतू ताणले जातात, तो ताण हाडाला पोचतो आणि हाड टिकून राहतं. शिवाय हाडाच्या आतल्या बाजूला रक्तपुरवठा करणाऱ्या बारीक वाहिन्यांपैकी बऱ्याच याच थरात असतात. हे तंतू जिथे रुततात तो हाडाचा पातळ थर फक्त दातासाठीच बनलेला असतो. दात गेला की तंतू गेले, तंतू गेले की त्या थराला काम उरत नाही आणि रक्तही कमी होतं, मग शरीर तो काढून घ्यायला लागतं.

आता यातली खरी अडचण अशी की दाताभोवतीच्या हाडाची ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत मुळात फार पातळ असते. वरच्या पुढच्या दातांचं मोजमाप करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ८७ टक्के जागी ही बाहेरची भिंत १ मिमी किंवा त्याहून कमी जाडीची निघाली. म्हणजे ती जवळजवळ सगळीच त्या दातासाठीच्या थराची बनलेली, तो गेला की भिंतच गेली. जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूची भिंत जाड, ती बऱ्यापैकी टिकते. म्हणून हाड उंचीत कमी आणि रुंदीत जास्त जातं, आणि जातं ते बाहेरून, आणि माझ्या जिभेला गालाच्या बाजूला खोबण लागते ती त्यामुळेच. आराउजो आणि लिंधे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यावर हे आठवड्या-आठवड्याने तपासून दाखवलं, आठ आठवड्यांत बाहेरची भिंत आतल्यापेक्षा कितीतरी खाली गेलेली.

माणसांवरचा आकडा हवा असेल तर २००३ चा श्रॉप आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, ४६ जणांच्या दाढा-उपदाढांच्या जागा वर्षभर मोजल्या. वर्षभरात रुंदी साधारण निम्मी झाली, सुमारे १२ मिमीवरून ६ मिमीच्या जवळ, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. मला हा तीन महिन्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण सगळे म्हणतो की आत्ता काढून घेऊ, दुसऱ्या दाताचं नंतर बघू, सवडीने बघू. ती सवड मिळेपर्यंत हाड गेलेलं असतं.

हिरडीचं वेगळं काय सांगायचं, हाड खाली गेलं की हिरडी त्याच्या मागोमाग जाते. दोन दातांच्या मधे हिरडीचं जे टोकदार त्रिकोणी टोक असतं ना, ते तर पूर्ण हाडाच्या भरवशावर उभं असतं. टार्नो यांचा १९९२ चा अभ्यास यावर आहे, दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून खालच्या हाडापर्यंतचं अंतर ५ मिमी किंवा कमी असेल तर ते टोक जवळपास नेहमीच पूर्ण भरलेलं दिसतं, ६ मिमी झालं की साधारण निम्म्याच जागी, ७ मिमीला साधारण पाव जागी. एका मिलिमीटरने एवढा फरक! आणि एकदा ते टोक गेलं की परत आणणं फार अवघड, तिथे मग काळा त्रिकोण दिसतो आणि दात लांब दिसतात. पुढच्या दातांना हे लपत नाही.

हे सगळं मी शिकले कारण गेल्या वर्षी दुसरा प्रसंग आला. वरचा, सुळ्याच्या अलीकडचा पुढचा दात. लहानपणी पडून मार लागलेला, तरुणपणी रूट कॅनाल झालेलं, आणि आता हिरडीवर एक छोटी पुळी येऊन जायला लागली. स्कॅनमध्ये मुळाला उभी चीर निघाली. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनीही सांगितलं की हा वाचत नाही. (आधी हे नक्की करून घ्या, वाचणारा दात वाचवणं याच्याइतकं चांगलं हाड राखायचं साधन दुसरं नाही.) या वेळी मी घाई केली नाही, सरळ विचारलं, दात काढल्यावर त्या जागेचं काय होणार आणि ती राखण्यासाठी त्याच दिवशी काय करता येईल?

डॉक्टरांनी तासभर समजावून सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ग्राफ्टची, म्हणजे खड्ड्यात भरायच्या हाडाच्या दाण्यांची, नव्हतीच, दात कसा काढायचा याची होती. पकडीने धरून डावीकडे-उजवीकडे हलवत काढला तर ती पातळ भिंत त्या हलवण्यातच मोडते, काही वेळा दाताला चिकटून बाहेर येते. मग कितीही महागाचं सामान भरा, धरून ठेवायला भिंतच नाही. हिरडी कापून मागे सारली तर बाहेरच्या हाडाला वरून मिळणारं रक्तही काही काळ तुटतं, त्यामुळे शक्य असेल तिथे हिरडी न उघडता काढायचा. दाढ असेल तर मुळं ड्रिलने वेगळी करून एकेक काढायची, अख्खी ओढायची नाही.

माझा दात काढताना मला भूल होती, दुखलं काही नाही, पण किती वेळ लागला ते लक्षात आहे. पात्यासारखं एक बारीक अवजार त्यांनी दाताच्या कडेने हिरडीच्या आत सरकवलं, थोडं थोडं, टाळूच्या बाजूने आणि दोन्ही बगलांनी, ओठाच्या बाजूला अजिबात जोर नाही. तेच ०.२ मिमीचे तंतू कापत होत्या. मधेच थांबायच्या, बोटाने बाहेरची भिंत चाचपायच्या, परत सुरू. चाळीस मिनिटांनी दात जवळजवळ स्वतःहून वर आला, काही मोडल्याचा आवाज नाही, झटका नाही. मला ती दाढ आठवली, ती पाच मिनिटांत निघाली होती.

मग आतला खड्डा खरवडून स्वच्छ केला, कारण जुन्या इन्फेक्शनचं मऊ मांस आत राहिलं तर वर काहीही भरून उपयोग नाही. चारी भिंती शाबूत आहेत का ते बारीक सळईने तपासलं, बाहेरच्या भिंतीत चिरेच्या जागी एक छोटी फट होती. ग्राफ्टचे दाणे मी मागून बघितले, जाड्या मिठासारखे दिसतात, सलाइनमध्ये भिजवले की ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरतात. ते खड्ड्यात भरले पण ठासून नाही, कारण दाण्यांच्या मधून रक्तवाहिन्या शिरायला जागा पाहिजे. फटीच्या आतून आणि वरून कोलॅजनचं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, वर आडवा-उभा टाका. मेम्ब्रेनचं काम राखणदाराचं आहे, हिरडीच्या पेशी हाडापेक्षा खूप भरभर वाढतात, त्या आधी खड्ड्यात उतरल्या तर तिथे हाडाऐवजी मऊ मांसच भरतं.

दाणे कशाचे असतात हे जरूर विचारा. स्वतःचंच हाड असू शकतं, दान केलेलं आणि प्रक्रिया केलेलं मानवी हाड असतं, जनावराचं, बहुतेक वेळा गाई-बैलाचं, हाड भाजून फक्त खनिज भाग ठेवलेलं असतं, आणि पूर्ण कृत्रिमही मिळतं, कॅल्शियम फॉस्फेटचं वगैरे. जनावराच्या हाडाचे दाणे फार हळू विरघळतात म्हणून आकार चांगला धरतात. कुणाला मनापासून त्यातलं काही चालत नसेल तर आधीच सांगावं, पर्याय आहेत, तो आपला हक्क आहे. आपल्याच रक्तापासून बनवलेलं पीआरएफ पण वापरतात, दंडातून रक्त घेऊन मशीनमध्ये फिरवलं की नळीत मधे पिवळसर जेलीसारखा थर येतो तो. फ्रान्समधल्या शुकरून यांनी २००१ च्या सुमारास हे आणलं. जखम भरायला आणि दुखणं कमी व्हायला त्याची मदत होते, पण हाडाची रुंदी फक्त त्याच्या जोरावर राहील असं धरून चालू नये असं मला सांगितलं गेलं.

आणि आता मला आवडलेली गोष्ट. माझ्या दाताचं मूळ चिरलेलं होतं पण वरचा भाग चांगला होता. डॉक्टरांनी मूळ कापून टाकलं, तळाला दात भरायचं कॉम्पोझिट लावून अंड्याच्या टोकासारखा गोल केला, गुळगुळीत पॉलिश केला, आणि माझाच दात शेजारच्या दोन दातांना चिकटवून दिला. गोल टोक हिरडीच्या खड्ड्यात दोन-अडीच मिमी आत शिरलेलं. त्यामुळे हिरडीला वाटतं दात तिथेच आहे, कड आणि ती त्रिकोणी टोकं खाली कोसळत नाहीत. घरी आल्यावर आरशात बघितलं तर काही काढलंय हे मलाच दिसत नव्हतं, मी रडले अक्षरशः.

नंतरची काळजी. पहिले २४ तास थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण ओढ लागली की रक्ताची गाठ निघते आणि तीच तर पुढच्या सगळ्या भरण्याचा पाया आहे. सिगारेट-तंबाखू तर नाहीच. साध्या खड्ड्यातली गाठ निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढतो, कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, तेव्हा गोळ्या खात घरी बसू नका, दाखवायला जा. माझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी दोन-चार दाणे जिभेवर आले आणि मी घाबरून फोन केला, तर वरचे सुटे दाणे थोडे येतातच म्हणाल्या. मेम्ब्रेनवर पांढरट साय दिसते तिलाही मी पू समजले होते, ती भरणारी जखमच असते. पू असेल तर सूज, ताप, वाढतं दुखणं बरोबर येतं. दहाव्या दिवशी टाके निघाले, महिन्या-सव्वा महिन्यात वरची कातडी जुळली. आत हाड मात्र आपल्या गतीने बनतं, चार-सहा महिने थांबावं लागतं, तिथे घाई चालत नाही.

एवढं करून सगळं हाड राहतं का? नाही, आणि राहतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अनेक अभ्यास एकत्र करून जे निष्कर्ष काढलेत त्यात नुसतं सोडून दिलेल्या जागेपेक्षा रुंदीत सरासरी २ मिमीच्या आसपास जास्त हाड वाचतं असं निघतं. ऐकायला २ मिमी म्हणजे काहीच नाही, पण ३ मिमी आणि ५ मिमी यात मोठ्या ऑपरेशनचा फरक आहे हे मी माझ्याच तोंडात बघतेय. वरच्या दाताच्या जागी काढण्याआधी ७.४ मिमी होतं, पाच महिन्यांनी ६.३.

बरेच जण विचारतात की मग लगेच इम्प्लांटच का नाही बसवायचं, ते मुळासारखं हाड धरून ठेवेल. आधी डॉक्टर लोकांनाही तसं वाटायचं, पण नुसतं इम्प्लांट बसवून बाहेरची भिंत वाचत नाही हे नंतर स्पष्ट झालं. कारण इम्प्लांटला ते तंतू नसतात, हाड त्याला थेट चिकटतं. लगेच बसवायचं तर भिंत शाबूत हवी, आणि इम्प्लांट व भिंत यांच्यातली फट भरावी लागते. ज्याची भिंत चांगली आहे त्याला तो रस्ता चांगला आहे.

प्रत्येक वेळी हे करायलाच पाहिजे असंही नाही. अक्कलदाढ काढली, तिथे पुढे काही बसवायचं नाही, तर सहसा गरज नसते. पू भरलेला असेल, सूज जोरात असेल तर काही डॉक्टर आधी दात काढून सहा-आठ आठवडे हिरडी भरू देतात आणि मग हाडाचं काम करतात, तेही बरोबर आहे. हाडं ठिसूळ होतात त्यासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅबची औषधं चालू असतील किंवा आधी झालेली असतील, जबड्याला रेडिएशन झालं असेल, शुगर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर दात काढायच्या आधी सांगा, कारण पहिल्या दोन गोष्टींत साधा दात काढल्यावरही हाड न भरण्याचा धोका असतो. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

इम्प्लांट करायचंच नाही, ब्रिज किंवा कवळी लावायची आहे, त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. माझी आई बघा. पंचेचाळिशीत तिचे सगळे दात गेले, तीस वर्षं कवळी वापरतेय. वरची बसते, खालची बोलताना उचलते, म्हणून चारचौघांत ती तोंडावर हात धरून बोलते. मला वाटायचं कवळीच नीट नाही, चार वेळा नवीन करून आणली. टॅल्ग्रेन यांनी १९७२ मध्ये कवळीवाल्यांच्या २५ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात हाडाची झीज थांबतच नाही आणि खालच्या जबड्याची वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते असं आहे. कवळी ज्या कडेवर बसायची ती कडच आईच्या तोंडात उरलेली नाही, मग चार काय दहा कवळ्या केल्या तरी ती बसणार कशावर?

यावरचा उपाय मला सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा वाटतो. खालचे दोन सुळे जरा बरे असतील तर ते मुळापासून काढायचे नाहीत, रूट कॅनाल करून हिरडीच्या पातळीला कापायचे आणि मुळं तशीच हाडात ठेवून वरून कवळी बसवायची. क्रम आणि रूनी यांनी १९७८ मध्ये अशी माणसं पाच वर्षं मोजली. सुळ्यांची मुळं ठेवलेल्यांचं पुढचं हाड सरासरी ०.६ मिमी गेलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिमी. कुठला ग्राफ्ट नाही, मेम्ब्रेन नाही, फक्त मुळं जागेवर ठेवली. मात्र ती रोज घासून स्वच्छ ठेवावी लागतात, नाहीतर किडतात.

परवा मावशीचा फोन आला, खालचे उरलेले सहा दात पुढच्या आठवड्यात काढणार, मग कवळी. म्हणाली, एकदाचे काढून टाकते, सुटेन. तेच वाक्य, जे मी अकरा वर्षांपूर्वी म्हटलं होतं. मी म्हटलं, "मावशी, काढ, पण डॉक्टरांना आधी एवढं विचार की दोन सुळ्यांची मुळं ठेवता येतील का." ती म्हणाली, "अगं, हलणारे दात ठेवून काय करू?" मी म्हटलं, "हलतात का ते त्यांनाच बघू दे, कापून उंची कमी केली की मुळावरचा ताण कमी होतो, थोडा हलणारा पण राहू शकतो." बरं म्हणाली, पण नाराजीनेच.

काल संध्याकाळी तिचा परत फोन. डॉक्टरांनी दोन्ही सुळ्यांचे वेगळे एक्स-रे काढले. उजव्याचं हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलंय, तो काढावाच लागेल. डावा राहतोय.